दहा हजार पुंजके

राजापेठ, अमरावती
१४ नोव्हेंबर १९६५

श्री. देवमन तायडे यांस,
नमस्कार.

"बाई, रेघ सरळ आली, पण खरं काय ते मी खोडलेल्या टिंबांत होतं."

हे वाक्य तुम्ही तेरा वर्षांपूर्वी, बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी, प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून म्हणाला होता. मी तेव्हा तिथे डेमॉन्स्ट्रेटर होते. गरम पाणी निवत जातं त्याचा आलेख होता. तुमचे तीन बिंदू रेषेच्या खाली घसरले होते आणि मी ते खोडायला लावले. तुमचं बोलणं ऐकून मी हसले होते, असं आठवतं. तुम्ही हसला नव्हता.

आज एकदम पत्र लिहिण्याचं कारण सांगते. कॉलेजच्या वाचनालयात एक अमेरिकन मासिक आलं आहे. तिकडे दोन इंजिनीयर एका मोठ्या कर्ण्यासारख्या एरियलवर काम करत होते. त्यात एक बारीक खरखर येत होती. कर्णा कोणत्याही दिशेला वळवला, दिवस असो की रात्र, खरखर तेवढीच. यंत्राचा दोष समजून त्यांनी सगळे सांधे तपासले, आत कबुतरांनी केलेली घाण धुऊन काढली. ती गेली नाही. त्यांच्या जागी मी असते तर वहीत 'यंत्राचा दोष' लिहून ती वजा करून टाकली असती. त्यांनी ठेवली. आता शास्त्रज्ञ म्हणतात की ही विश्वाच्या तापलेल्या सुरुवातीची उरलेली ऊब आहे. निवता निवता ती खऱ्या शून्याच्या वर जेमतेम तीन अंश राहिली आहे, आणि साऱ्या आभाळातून सारखी येते.

वाचताना मला तुमचे तीन बिंदू आठवले. तुमचा पत्ता तेल्हाऱ्याकडच्या एका विद्यार्थिनीने दिला. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

ललिता बोंडे

---

अकोला
२ डिसेंबर १९६५

आदरणीय बाई,
जय भीम.

तुमचं अक्षर ओळखलं. आधी वाटलं, कॉलेजातून काही जुनी भानगड निघाली.

मी इथे सरकारच्या कापूस तपासणी कचेरीत आहे. नऊ वर्षं झाली. गठ्ठ्यातून कापसाचे पुंजके काढायचे, विंचरायचे, तंतू लांबीप्रमाणे लावायचे, मग त्यांची सरासरी काढायची आणि तंतू एकमेकांपेक्षा किती वेगळे ते काढायचं. हातानं फिरवायचं हिशेबाचं यंत्र आहे. पाचनंतर साहेब मला ते वापरू देतात. म्हणजे पाहा, जे तंतू सारखे नसतात त्यांच्यावरच माझं पोट चालते.

तुमचं पत्र मी माझ्या टेबलाशेजारच्या पुंजाजीला वाचून दाखवलं. तो म्हणे, "तायडे, आभाळ जर साऱ्या बाजूनं सारखं निवलं, तर तू काहून मूठभर अन् मी काहून पोतंभर?" पुंजाजी फार जाडा आहे. सगळे हसले. मी दोन दिवस त्याच प्रश्नावर बसून आहो. सुरुवात जर इतकी सारखी होती, तर चांदण्या एका जागी अन् दुसरीकडे मोकळं, हे आलं कुठून? सारख्यातून वेगळं कसं निघालं?

बाई, मी हे काहून विचारून राहिलो ते लपवत नाही. एकोणसाठ साली आमच्या घरी जुळ्या मुली झाल्या. एकीचं नाव सुजाता. दुसरीचं ठेवायचं राहून गेलं, ती अकराव्या दिवशी गेली. वजनानं, रंगानं दोघी सारख्या होत्या. सुईण जाईबाई म्हणाली, "ते तसंच घिऊन आली होती." म्हणजे मागल्या जन्माचं. ते तर आम्ही छप्पन साली सोडून दिलं. पण सोडलं तर त्या जागी दुसरं उत्तर पाह्यजे. माझी बायको आशाबाई हिचं उत्तर असं, की तिच्या हातानं झालं. तिनं पहिल्यांदा सुजाताला उचलून पाजलं, दुसरीला मागून. सहा वर्षं ती हेच म्हणून राहिली. सुजाताला जवळ घेते अन् घेता घेता हात काढून घेते.

आभाळाचं गणित पोरीवर बसत नाही, हे मला समजते. तरी एका तरी ठिकाणी सिद्ध झालं पाह्यजे, की अगदी सारख्यातूनही फरक आपोआप पडतो. कोणी काही केलेलं नसते, मागून कोणी काही आणलेलं नसते. निव्वळ योगायोग पुरतो. तेवढं सिद्ध झालं तर मी ते तिला सांगू शकीन.

सोबत बारा पानं गणित आहे. तपासाल का?

आपला विद्यार्थी
देवमन तायडे

---

राजापेठ, अमरावती
२० जानेवारी १९६६

श्री. देवमन यांस,
नमस्कार.

बारा पानं दोनदा पाहिली. बेरजा-वजाबाक्या, वर्गमुळं, सगळं बरोबर आहे. तुमची मांडणी अशी, की सुरुवातीचा वायू कितीही सारखा पसरलेला असला तरी योगायोगाने कुठे थोडा जास्त, कुठे थोडा कमी असणारच. जिथे जास्त तिथे गुरुत्व आणखी खेचणार. अशा दाट जागेतून निघालेला प्रकाश वर चढताना थोडा थकतो, म्हणून तिकडची ऊब किंचित कमी दिसली पाहिजे. आणि हा चढउतार तुमच्या गणिताने शंभरात एक भाग येतो. कोणी शोधलं तर सापडेल एवढा.

लोक याची आणखी दोन कारणं सांगतात, तीही तुम्हाला माहीत असावीत. एक असं, की आधी एक विश्व होतं, ते मिटलं आणि त्यातल्या गाठी या विश्वात उरल्या. दुसरं असं, की फरकाचं बी सुरुवातीपासूनच पडलेलं होतं. का, ते विचारू नये. तुमच्या मार्गात यातलं काहीच लागत नाही, म्हणून मला तो आवडला.

माझ्या आईला मी हे स्वयंपाकघरात सांगत होते. ती विरजण लावत होती. म्हणाली, "दूध आपोआप विरजत नाई, नासते. विरजाले कोणी तरी काई तरी टाकाच लागते." तिला रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या भाकरीशिवाय सध्या कशातच रस नाही, पण यावर मात्र ती बराच वेळ बोलली.

लेख इंग्रजीत लिहून काढा. भाषा मी पाहीन. आपल्याकडच्या एखाद्या नियतकालिकाकडे पाठवू.

आशाबाईंना नमस्कार सांगा.

ललिता बोंडे

---

अकोला
१ मे १९६६

आदरणीय बाई,
जय भीम.

लेख टंकून नियतकालिकाकडे पाठवला. 'तपासल्याबद्दल आभार' म्हणून खाली तुमचं नाव टाकलं आहे.

पुंजाजी रोज विचारते, "आभाळाचा नमुना पास झाला का रे?" मी म्हणतो, अजून विंचरून राहिले. मागल्या विश्वाच्या गाठींचं त्याला सांगितलं, तर म्हणे, "म्हंजे मागला जनमच की. जाईबाईले विचारलं असतं तरी सांगतलं असतं, इतके कागद कायले नासवले?" कधी कधी तो माणूस फार नेमका बोलतो.

कचेरीनं नागपूरला वरची जागा देऊ केली होती. मी नको म्हटलं. तिकडे यंत्र माझ्या हाती राहणार नाही, अन् लेखावर काही विचारणा झाली तर आकडे पुन्हा काढावे लागतील. साहेब म्हणाले, तायडे, तुमचं डोकं फिरलं. असेल.

खरी गोष्ट आता सांगतो. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी आशाबाईला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. दोन सारख्या गोष्टीत फरक पडाले कोणाचा हात लागत नाही. हे मी म्हणत नाही, गणित म्हणते. ती म्हणाली, "तुमचं गणित तुमच्याच बाजूनं बोलन." मी म्हटलं, बाईंनी तपासलं. अमरावतीच्या कॉलेजात शिकवतात त्या. मग ती पुढचं ऐकू लागली. तुमच्या आईची विरजणाची गोष्टही तिला वाचून दाखवली, त्यावर हसली. बाई, ती सहा वर्षांत हसली नव्हती असं नाही, पण असं नाही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं सुजाताची वेणी घातली अन् पोर उठून जाईपर्यंत हात काढला नाही.

आता ती शेजारणीले सांगते, आमच्या घरचं अमरावतीहून तपासून आलं.

तुमचा
देवमन

---

राजापेठ, अमरावती
१८ सप्टेंबर १९६७

श्री. देवमन यांस,
नमस्कार.

तुमची तीन पत्रं उत्तराविना पडली, याची मला लाज वाटते. आई पोळ्याच्या आधी गेली. शेवटचा महिनाभर ती मला ओळखत नव्हती, मला नर्स समजून फार नम्रपणे बोलायची. घर आता मोठं वाटतं. शिकवून येते, चहा करते आणि कप धुवायचं विसरते.

लेखाबद्दल अजून काही कळलं नाही, याची काळजी करू नका. अशा कामांना वेळ लागतोच. तिकडे कोणी ऊब दिशांप्रमाणे मोजली का, असं तुम्ही दोनदा विचारलं आहे. वाचनालयात नवे अंक आले आहेत म्हणतात, मी अजून पाहिले नाहीत.

नागपूरची जागा पुन्हा विचारली तर घ्या. यंत्रासाठी अडून राहू नका. सुजाता आता तिसरीत असेल ना?

ललिता बोंडे

---

अकोला
२६ नोव्हेंबर १९६७

बोंडे बाईंस,

लेख परत आला. सोबत तपासणाऱ्याचं दोन परिच्छेदांचं मत आहे. ते उतरवून पाठवायची गरज नाही, कारण ते तुम्हाला माहीत आहे असं मला वाटते.

पहिलं. अमेरिकेत आभाळाची ऊब दिशेदिशेनं मोजून झाली. हजारात दोन-तीन भागांपेक्षा जास्त फरक कुठेच नाही. माझा शंभरात एक होता. हे एप्रिलमध्येच छापून आलं. कचेरीच्या कामानं मी परवा अमरावतीला आलो होतो, तुमच्या वाचनालयात गेलो. अंक काढून देणाऱ्या देवमनराव नावाच्या माणसानं (माझ्याच नावाचा) वही पाहून सांगितलं, हा अंक बोंडे मॅडमनं ऑगस्टात नेला होता. तुमच्या घरी न येता परत आलो.

दुसरं. तपासणारा विचारते, या लेखकानं मोजलं तरी काय? बाई, मी पुंजके मोजले. आमच्या कचेरीत एकटा तंतू कधी मोजत नाहीत, पुंजका हा एक धरतात. इतक्या वर्षांची सवय. शंभर पुंजके घेतले तर सरासरी दहाव्या हिश्शानं हलते, दहा हजार घेतले तर शंभराव्या हिश्शानं. म्हणून एका आकाशगंगेचा वायू मी दहा हजार पुंजके धरला. मोजायचे होते अणू. एकावर अडुसष्ट शून्यं, इतके. त्याचं वर्गमूळ काढलं तर योगायोगाच्या वाट्याले एक भागिले एकावर चौतीस शून्यं, एवढा फरक येते. म्हणजे काहीच नाही. त्यात विश्व पसरत असताना गुरुत्वही सावकाशच खेचते. योगायोगानं होत नाही. बी आधीपासून असल्याशिवाय काही उगवत नाही.

ही चूक कॉलेजातलं पोरगंही पकडते. तुम्ही पकडली होती का? एवढंच विचारतो.

घरचं सांगतो, कारण तुम्हालाही त्यात घेतलं होतं. परत आलेलं पाकीट मी लपवलं. पुंजाजी घरी आला अन् चांगल्या मनानं बोलून गेला, "वयनी, नापास झालं म्हणून काय झालं, एवढा अभ्यास तं केला." आशाबाईनं मला विचारलं, कशात नापास? मला खोटं सांगता आलं नाही. म्हटलं, आपोआप होत नाही असं निघालं. ती ओट्यावर बसली होती. म्हणाली, "त्या बाईची माय बरोबर बोलत होती. कोणी तरी काई तरी टाकाच लागते. मंग माह्याच हातानं झालं." मी म्हटलं, अगं ते आभाळाचं आहे. तर म्हणे, "तवा तं घरचं होतं."

तेव्हा मीच ते आभाळ घरात आणलं होतं.

त्या दिवसापासून ती सुजाताची वेणी घालत नाही. पोर शेजारी जाऊन घालून घेते. शेजारीण विचारते, काहून गं, तर सुजाता सांगते, माय कामात आहे. आठ वर्षांच्या पोरीले खोटं बोलावं लागून राहिलं.

वह्या मी नमुने गुंडाळायले देऊन टाकल्या. तुमच्यावर राग नाही. फक्त तुमचं नाव आमच्या घरात पुन्हा निघू नये असं मला वाटते. तुम्ही येऊ नका.

देवमन तायडे

---

राजापेठ, अमरावती
१० डिसेंबर १९६७

देवमन,

हो. पकडली होती.

जानेवारीत पानं पहिल्यांदा वाचली तेव्हाच. सातव्या पानावर 'दहा हजार' पाहून मी थांबले. समासात पेन्सिलने 'कशाचे?' असं लिहिलं आणि मग रबराने पुसलं. परत आलेला कागद तुम्ही उजेडात धरला असता तर खूण दिसली असती. तुमचं पहिलं पत्र शेजारीच होतं. त्यातला शेवटचा परिच्छेद मी पुन्हा वाचला आणि ठरवलं की बेरजा बरोबर आहेत एवढंच लिहायचं. ते खोटं नव्हतं. त्यामागे मला लपता आलं.

आशाबाईंवर दया आली म्हणून केलं, असं मी स्वतःला दोन वर्षं सांगत आले. आज रविवार आहे, घरात कोणी नाही, म्हणून उरलेलं लिहिते. त्या परीक्षेच्या दिवशी तुमच्याच बाकावर चंद्रभानचेही बिंदू घसरले होते. तो आमच्या नात्यातला. त्याला मी म्हटलं, खिडकीतून वारा येतो आहे, पाट लाव आणि प्रयोग पुन्हा कर. तुम्हाला म्हटलं, खोडा. वारा दोघांनाही तोच लागत होता. तुमचा पहिला वर्ग चार गुणांनी गेला आणि एम.एस्सी.ची जागा चंद्रभानला मिळाली. तो आता मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला आकडे मोजायचा कंटाळा होता. वर्गात मी सगळ्यांना अरे-तुरे करायची, तुम्हाला तेवढं 'तुम्ही' म्हणायची. बाहेरच्याला तो मान वाटला असता. मला माहीत होतं तो काय होता.

त्यामुळे तुमची पानं आली तेव्हा मला दुसऱ्यांदा तुमच्या कागदावर काट मारायची नव्हती. माझं ओझं उतरावं म्हणून मी तुमची चूक तशीच जाऊ दिली. तुम्ही ती घरात नेऊन लावाल, हे मला माहीत होतं, तुम्ही तसं स्पष्ट लिहिलं होतं. तरी जाऊ दिली. ऑगस्टात तो अंक वाचला तेव्हा सांगायला हवं होतं. आईच्या जाण्याआड मी तेही लपवलं. तिचं जाणं खरं होतं, म्हणून त्याआड लपणं सोपं गेलं.

तुम्हाला सांगण्यासारखं काही चांगलं शोधायचा मी या पंधरा दिवसांत प्रयत्न केला. बी सुरुवातीपासून होतं, तर ते कोणाच्या पापाचं नव्हतं, असं काहीसं लिहून पाहिलं. तुम्ही विचाराल, बाई, मग ते एकीकडेच काहून पडलं? त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. जगात आज कोणापाशीच नाही. ज्यांनी ऊब मोजली ते म्हणतात, आणखी बारीक मोजू, कुठेतरी फरक सापडेल. सापडेलही. सापडला तरी तो आशाबाईंच्या हाताबद्दल काही सांगणार नाही, हे मी त्याच वेळी लिहायला हवं होतं. गणित पाहायच्या आधी.

आईचं ते वाक्यही मी गंमत म्हणून लिहिलं होतं. ते तुमच्या ओट्यापर्यंत जाऊन असं उलटेल, हे तिला कळलं असतं तर तिने जेवण सोडलं असतं. ती तशी होती.

आईला आम्ही पाच. मधला भाऊ गोवर्धन तीन महिन्यांचा होऊन गेला. आईने त्याला कोणत्या वेळी पाजलं, कोणत्या वेळी नाही, याची यादी तिला शेवटपर्यंत पाठ होती. मला ओळखेनाशी झाली तेव्हाही ती यादी तिला येत होती. मला नर्स समजून ती एकेक वेळ सांगायची आणि विचारायची, यात कुठे चुकलं हो? मी उशी नीट करायची. एकदाही तिच्याजवळ बसून म्हणाले नाही, की आई, कुठे नाही. मला वाटायचं, ठामपणे सांगायला माझ्यापाशी पुरावा कुठे आहे.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. येऊ नका, असं तुम्ही लिहिलं आहे, आणि ते तुम्ही उगीच लिहीत नाही.

तरी विचारते. मला एकदा आशाबाईंसमोर बसू द्या. कागद, आकडे काहीही सोबत आणणार नाही. तपासलं म्हणणारी मीच होते आणि मी खोटं वागले, एवढं त्यांनी माझ्या तोंडून ऐकावं. मग त्यांनी कधी, कोणाला, किती वेळ पाजलं ते सगळं मला सांगावं, आणि मी ऐकून म्हणावं की यात कुठे चुकलं नाही. त्यांना पटणार नाही. त्यांनी मला उठवून लावलं तरी चालेल. पुढच्या रविवारी बडनेऱ्याहून सकाळच्या पॅसेंजरने येते आणि दुपारी अकोल्याच्या स्टेशनवर बाकावर थांबते. तुम्ही याल असं मला वाटत नाही. येऊन घरी न्याल का?

ललिता